फोटो गेले नव्हते, पण त्यांना ते दिसतही नव्हते

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: पत्र लिहिणारे गृहस्थ आणि त्यांचा एक सहकारी आठ वर्षांपासून एक ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे असा, प्रोग्राम सांभाळतात. कॉम्प्युटरवर विखुरलेले फोटो गोळा करून तारखेनुसार लावून ठेवणं हे त्याचं काम. दोघंही नोकरी सांभाळून रात्री आणि सुट्टीच्या दिवशी यावर बसतात. या प्रोग्राममुळे आजवर कुणाचा एकही फोटो गेलेला नाही, याचा त्यांना अभिमान आहे. पण नवे वापरकर्ते येईनासे झालेत. दोन वर्षांपूर्वी निघालेला, दिसायला देखणा पण अधूनमधून बंद पडणारा दुसरा प्रोग्राम लोक उचलतायत. सहकाऱ्याचं म्हणणं, बाकी सगळी कामं वर्षभर थांबवू आणि इंटरफेस, म्हणजे पडद्यावरची सगळी मांडणी, मुळापासून नवा लिहू. यांना ते पटत नाही. लोक दिखाऊपणाला भुलतात म्हणून आपण आपलं खरं काम का सोडायचं, असं त्यांना वाटतं. मध्यंतरी एक डिझायनर आपणहून मदतीला आली होती, पण तिच्या प्रत्येक सूचनेवर इतका काथ्याकूट झाला की ती निघून गेली. शेवटी ते विचारतात, ‘लोकांना आणायचं तर आधी काय, रूप की भरवसा?’

उत्तर:

तुमच्या पत्रात मुख्य प्रश्नाच्या आधी, ओघात आलेली दोन वाक्यं आहेत. ‘वर्षाला तीन-चार जण कळवतात की फोटो गायब झाले. आम्ही तपासतो, फोटो जागच्या जागी असतात, मग वापरणाऱ्याची चूक असं लिहून रिपोर्ट बंद करतो.’ मी तिथेच थांबले. तुम्ही प्रोग्रामचं नाव कळवलं होतं, म्हणून तो उतरवून घेतला आणि ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षकांना वापरायला दिला. त्यांचे फोटो कॅमेऱ्याच्या तीन कार्डांवर आणि एका जुन्या डिस्कवर विखुरलेले होते, म्हणजे तुमचा प्रोग्राम ज्यांच्यासाठी आहे नेमके तसे हे गृहस्थ. त्या सगळ्याची एक प्रत आधी वेगळी काढून ठेवली, त्यांच्या शेजारी बसले आणि एक शब्द बोलायचा नाही असं ठरवलं.

त्यांनी ‘इम्पोर्ट’ दाबलं. खिडकी उघडली. वर एका फोल्डरचा पत्ता, खाली दुसऱ्याचा, आणि त्याखाली आधीच खूण केलेला एक चौकोन: ‘मूळ फाइली हलवा’. माउस त्या चौकोनाशी येऊन थांबला. ‘हलवा म्हणजे? कुठे हलवा?’ मी गप्प. त्यांनी ‘ओके’ दाबलं. हिरवी पट्टी भरत गेली, पूर्ण भरली आणि खिडकी आपोआप बंद झाली. मधला मोठा भाग मात्र कोराच, कारण तुमचा प्रोग्राम सुरुवातीला फक्त चालू महिन्याचे फोटो दाखवतो आणि त्यांचे होते दहा वर्षांपूर्वीचे. डावीकडे वर्षांची यादी होती, पण मिटलेली. त्यांनी जुनं फोल्डर उघडून पाहिलं. रिकामं. मग माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे बघून विचारलं, ‘गेले का हो सगळे?’

त्या संध्याकाळी मी तुमचा कोड वाचला. तुम्ही प्रत्येक फोटोची आधी नक्कल काढता, नक्कल आणि मूळ यांचे चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा) जुळवून पाहता आणि ते जुळले तरच मूळ फाइल काढता. मधेच वीज गेली तर पुढच्या वेळी काम तिथूनच पुढे सुरू होतं. फार कष्टाचं आणि जबाबदारीचं काम आहे हे, आणि किती व्यावसायिक प्रोग्राम एवढी काळजी घेत असतील याची मला शंका आहे. पण पडद्यावर त्यातलं एक अक्षर उमटत नाही. त्या शिक्षकांच्या लेखी तुमचा प्रोग्राम फोटो गिळणारा ठरला. ‘सगळे फोटो तपासून नव्या जागी ठेवले, एकही राहिला नाही’ एवढी एक ओळ आणि शेजारी ‘दाखवा’ असं बटण असतं, तर तेच गृहस्थ उरलेली दोन कार्डं आपणहून घालून बसले असते.

म्हणून तुमच्या प्रश्नाची फोडच मला मान्य होत नाही. भरवसा तुमच्या कोडमध्ये तयार होतो हे खरं, पण माणसाच्या पदरात तो पडतो पडद्यावरून. जे आठ वर्षं तुमच्याबरोबर आहेत त्यांना मिटलेली यादी उघडायची असते हे ठाऊक आहे. त्यांच्यासाठी तुमचा प्रोग्राम भरवशाचा आहे. बाहेरून येणाऱ्यासाठी तो अजून झालेलाच नाही. फोटो जागेवर असूनही वर्षाला तीन-चार जणांना ते गेले असं वाटत असेल, तर तो बगच आहे आणि तोही वरच्या पायरीचा. आणि जे काहीच न कळवता प्रोग्राम काढून टाकतात ते या आकड्यात आलेच नाहीत.

आता ‘लोक दिखाऊपणाला भुलतात’ याबद्दल. तुमच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. १९९५ साली मासाकी कुरोसू आणि काओरी काशिमुरा या जपानी संशोधकांनी एटीएमच्या पडद्याच्या २६ वेगवेगळ्या मांडण्या लोकांसमोर ठेवल्या. लोकांना कुठली मांडणी सोपी वाटते याचा संबंध प्रत्यक्ष सोपेपणाशी कमी आणि देखणेपणाशी जास्त निघाला. पण याचा अर्थ लोक उथळ आहेत असा लावू नका. नव्या माणसाला तुमची आठ वर्षं दिसू शकत नाहीत. त्याच्याजवळ पाच-दहा मिनिटं असतात आणि डोळे. जे दिसतंय ते नीट लावलेलं असेल तर जे दिसत नाही तेही नीट असेल, असा अंदाज तो बांधतो. तुम्ही स्वतः एखादी नवी लायब्ररी, म्हणजे दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड, घेताना काय करता? आधी रीडमी ही सोबतची माहितीची फाइल बघता, शेवटचा बदल कधी झाला ते बघता. कोड नंतर वाचता, वाचलात तर. तुमचाही अंदाज असाच दर्शनी खुणांवर चालतो. खुणा तेवढ्या वेगळ्या.

तुमच्या सहकाऱ्यालाही मला एक गोष्ट सांगायची आहे. निव्वळ रूपावर लोक येतात हेही तितकंसं खरं नाही. व्हीएलसी हा व्हिडिओ चालवणारा प्रोग्राम पाहा. पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांनी तो सुरू केला आणि २००१ साली त्याचा कोड खुला झाला. देखणा म्हणून त्याचं कौतुक कधी कुणी केलं नाही. पण त्या काळी एखादा व्हिडिओ चालला नाही की कोडेक, म्हणजे तो व्हिडिओ उलगडणारा सुटा भाग, शोधत हिंडावं लागायचं, नको ती पॅकेजं भरावी लागायची. व्हीएलसीने ते सगळं आपल्या पोटात घेतलं. फाइलवर दोनदा क्लिक केलं की चित्र सुरू. लोक आले ते या एका अनुभवासाठी. त्याला रूप म्हणाल की भरवसा? मला तरी तिथे रेघ ओढता येत नाही.

दुसऱ्या टोकाला एसक्यूलाइट आहे, इतर प्रोग्रामच्या आत बसून माहिती साठवणारा डेटाबेस. त्याला सामान्य माणसाला दिसेल असा चेहराच नाही, तरी तो जवळपास प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. त्याच्या मूळ कोडच्या कित्येक पटींनी मोठा कोड नुसत्या चाचण्यांचा आहे आणि २०५० सालापर्यंत तो सांभाळायचा इरादा त्याच्या कर्त्यांनी जाहीर केलेला आहे. पण त्याचे वापरकर्ते प्रोग्रामर आहेत, भरवसा कसा पारखायचा हे त्यांना कळतं. तुमचे वापरकर्ते ते शिक्षक आहेत. एसक्यूलाइटचा दाखला देऊन तुम्हाला सुटता येणार नाही.

खरा गुंता कुठे होतो ते गिंप या चित्रं संपादित करायच्या ओपन सोर्स प्रोग्रामच्या एका उदाहरणावरून नीट कळेल, म्हणून ते सविस्तर सांगते. मे २०१२ मध्ये गिंपची २.८ ही आवृत्ती आली. तोवर जेपेग फाइल उघडून, काही बदल करून ‘सेव्ह’ म्हटलं की ती जेपेग म्हणूनच जतन व्हायची. २.८ पासून ‘सेव्ह’ फक्त गिंपच्या स्वतःच्या एक्ससीएफ स्वरूपात होऊ लागलं आणि जेपेग किंवा पीएनजी हवं असेल तर ‘एक्स्पोर्ट’कडे जावं लागलं. यामागचा विचार भरवशाचाच होता. जेपेगमध्ये लेयर, म्हणजे चित्राचे एकावर एक ठेवलेले सुटे थर, राहत नाहीत, म्हणजे तासन्‌तास खपून केलेलं काम एका ‘सेव्ह’मध्ये सपाट होऊन कायमचं जाऊ शकतं. तसं होऊ नये म्हणून हा बदल. पण ज्याला फोटोचा एक कोपरा कापून तसाच ठेवायचा होता त्याच्या हाताची सवय एका दिवसात मोडली, आणि वर बंद करताना ‘तुमचं काम जतन झालेलं नाही’ असा इशारा, त्याने तर नुकतंच एक्स्पोर्ट केलेलं. वर्षानुवर्षं त्या बदलाबद्दल लोक चिडून लिहीत राहिले. माझं मत विचाराल तर मूळ विचार बरोबर होता. पण ‘सेव्ह’ या शब्दाचा लोकांच्या मनातला अर्थ इतका पक्का आहे की तो बदलणं म्हणजे घरातल्या जिन्याची एक पायरी न सांगता काढून घेणं. काम सुरक्षित राहिलं तरी माणूस अडखळलाच.

त्याच २.८ मध्ये गिंपने दुसरी एक गोष्ट फार समजुतीने केली. सुट्या सुट्या तरंगणाऱ्या खिडक्यांऐवजी सगळं एकाच खिडकीत दिसेल अशी सोय दिली, पण मेन्यूतला एक पर्याय म्हणून. ज्यांना जुनं हवं त्यांचं जुनं राहिलं. २०१८ च्या २.१० मध्ये मग एक खिडकी हीच सुरुवातीची मांडणी झाली. तोवर तिची ओळख झालेली होती.

यावरून वर्षभर सगळं थांबवण्याच्या बेताकडे येते. त्याला माझा स्पष्ट विरोध आहे. नेटस्केपने १९९८ साली कोड खुला केला आणि त्याच वर्षी ब्राउझरचा गाभा नव्याने लिहायचं ठरवलं. ४ नंतर ५ क्रमांकाची आवृत्ती आलीच नाही. ६ आली ती नोव्हेंबर २००० मध्ये, संथ आणि अडखळती, आणि दरम्यान लोक इंटरनेट एक्सप्लोररकडे निघून गेले होते. त्यांच्यामागे निदान एक कंपनी होती. तुम्ही दोघं आहात, रात्रीचे दोन तास आहेत. तुमचं एक वर्ष म्हणजे तीन वर्षं धरा. जानेवारी २००८ मध्ये आलेल्या, लिनक्सवरच्या केडीई या डेस्कटॉपच्या ४.० आवृत्तीचीही तीच गत. नवं, चकचकीत, पण रोजच्या वापरातल्या कितीतरी सोयी त्यात यायच्या बाकी होत्या. ही पायाभरणीची आवृत्ती आहे असं कर्ते सांगत होते, पण लोकांनी ४.० हा आकडा वाचला आणि तयार माल समजून घेतला. एकदा हात पोळला की नंतरच्या सुधारलेल्या आवृत्त्यांकडेही माणूस साशंक होऊनच बघतो.

उलट बाजूही सांगायला हवी. जुलै २०१९ मध्ये आलेल्या, ब्लेंडर या त्रिमिती चित्रांच्या ओपन सोर्स प्रोग्रामच्या २.८० आवृत्तीने इंटरफेस मोठ्या प्रमाणात बदलला आणि ब्लेंडरची वाट त्यानंतर खूप रुंदावली. आधी तिथे वस्तू निवडायला उजवं बटण दाबावं लागायचं, नवखा माणूस पहिल्याच मिनिटाला अडायचा. २.८० मध्ये डावं बटण आलं. पण ज्यांच्या बोटांत उजवं बटण मुरलं होतं त्यांच्यासाठी तो पर्यायही ठेवला. त्याच आवृत्तीत ईव्ही हे नवं, लगेच चित्र दाखवणारं रेंडर इंजिनही होतं, तेव्हा सगळं श्रेय रूपाला देणं अन्यायाचं होईल. आणि ब्लेंडरपाशी पगारी माणसं होती, हे तुमच्या सहकाऱ्याने विसरू नये.

मग तुम्ही काय करावं? आधी माणसं बसवा. मी केलं तसंच. कधीही तुमचा प्रोग्राम न पाहिलेली पाच माणसं, एका वेळी एक, आणि काम एकच: ‘हे फोटो यात घ्या आणि अमुक फोटो शोधून दाखवा.’ तुम्ही दोघांनी शेजारी बसायचं आणि तोंड बंद ठेवायचं. हे फार अवघड जातं, ‘अहो, डावीकडे बघा’ असं जिभेवर येतं. यायला लागलं की वहीत लिहा. वहीतली प्रत्येक ओळ म्हणजे पडद्यावर कमी असलेली एक ओळ. माणसं फार लागत नाहीत. सन मायक्रोसिस्टिम्सने २००१ साली ग्नोम या लिनक्सवरच्या डेस्कटॉपची अशी पाहणी केली तेव्हा समोर १२ जण बसवले होते आणि त्यातून निघालेलं पुढे ग्नोमच्या मार्गदर्शक नियमांत उतरलं. तुम्हाला पाचांतच महिनाभराचं काम मिळेल. तुमच्या दोघांमधला वादही तिथे बराचसा निवेल, कारण तुम्ही एकमेकांशी भांडायचं सोडून समोरच्या हाताकडे बघायला लागाल.

उतरवून घेण्यापासून बघा, प्रोग्राम उघडल्यापासून नको. तुमच्या इन्स्टॉलरवर डिजिटल स्वाक्षरी, म्हणजे तो कुणी बनवला याची खूण, नाही, त्यामुळे ऑपरेटिंग सिस्टिम आधीच ‘अनोळखी निर्माता’ म्हणून दटावते. शिक्षकांनी तिथेच मला विचारलं होतं की हे पुढे न्यायचं का. स्वाक्षरीला काही ठिकाणी पैसे पडतात, वर्गणी मागावी लागली तरी मागा.

इम्पोर्टची खिडकी ही तुमची पहिली दुरुस्ती. ‘हलवा’वरची आधीची खूण काढा, नक्कल करणं हीच सुरुवातीची रीत ठेवा. जागा जास्त लागेल, लागू दे. काम संपलं की खिडकी आपोआप मिटू नये. किती आले, कुठे ठेवले, काही वगळले असतील तर का, हे साध्या भाषेत सांगा आणि नुकतेच आलेले फोटो समोर मांडा. ‘हे सगळं परत जागेवर ठेवा’ असं बटण देता आलं तर सोन्याहून पिवळं, कारण उलटं फिरता येतं हे कळलं की माणूस धीटपणे वापरतो. ‘खात्री आहे का?’ विचारणाऱ्या खिडक्या त्याची जागा घेऊ शकत नाहीत. लोक त्या न वाचता मिटवतात, तुम्हीही मिटवता.

एक-एक पडदा असाच घ्या, प्रत्येक आवृत्तीत एक. जुने शॉर्टकट, फोल्डरची रचना, कॅटलॉगचं स्वरूप यांना हात लावायचा नाही. नवी मांडणी आधी पर्याय म्हणून द्या. हात घालण्यापूर्वी फायली हलवणारा भाग पडद्याच्या कोडपासून वेगळा काढा आणि त्याच्यावर चाचण्या लिहा. तुम्हाला जी भीती वाटते, की रूपाच्या नादात फोटो जातील, तिच्यावर इलाज हाच आहे. ती भीती रास्त आहे, सहकाऱ्याने ती हसण्यावारी नेऊ नये.

आणि सहकाऱ्याने दाखवलेल्या नव्या आराखड्यातली हाताने रंगवलेली बटणं नकोत. सिस्टिमची तयार बटणं स्क्रीन रीडरला, म्हणजे पडदा वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामला, आपलं नाव आणि काम सांगतात. चित्रासारखी काढलेली बटणं, तशी सोय मुद्दाम लिहिली नाही तर, मुकी राहतात. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर स्वतःच ओपन सोर्स आहे, तो लावून आणि पडदा बंद करून एकदा इम्पोर्ट करून बघा. दृष्टी नसलेल्या माणसासाठी मुकं बटण आणि क्रॅश यात काही फरक नसतो. आपल्या जुन्या फोटोंना नावं देऊन ठेवावीशी वाटणारी अशी माणसंही असतात.

किती वापरकर्ते हवेत हेही दोघं एकदा बोलून घ्या. दहापट माणसं आली तर रिपोर्टही त्या मानाने वाढतील आणि उत्तर द्यायला तुम्ही दोघंच. त्यापेक्षा आत्ता येणाऱ्यांतले निम्मे जरी पहिल्या दिवसाच्या पुढे टिकले, तरी त्यांतलाच कुणी भाषांतर करेल, कुणी मदतीचं पान लिहील.

डिझायनरबद्दल तुम्ही दोन ओळींत लिहिलंय, पण तुम्हाला ते लागलेलं आहे हे जाणवतं. तिच्या सूचनांवर झालेली चर्चा मी वाचली. चेकसमच्या कोडवर तीन प्रतिक्रिया आल्या होत्या, तिच्या एका बटणाच्या जागेवर एकेचाळीस. कोडबद्दल बोलायला माहिती लागते असं सगळे मानतात, पडद्याबद्दल मात्र प्रत्येकाला मत असतं. तिला पत्र लिहा. चुकलं असं सरळ म्हणा. ‘परत या’ एवढ्यावर थांबू नका. इम्पोर्टच्या पडद्यावर शेवटचा शब्द तिचा राहील हे लेखी द्या, आणि तिने नोंदवलेलं कारण खोडायचं तर बघितलेल्या माणसांच्या आधारानेच खोडता येईल, आवडीनिवडीने नाही, असा नियम दोघांनाही लावून घ्या. ती आली नाही तर तो तिचा हक्क आहे. नियम मात्र पुढच्यासाठी राहू द्या.

आणि या सगळ्याच्या आधी, आजच रात्री, ‘वापरणाऱ्याची चूक’ म्हणून बंद केलेले ते रिपोर्ट उघडा. आठ वर्षांचे म्हणजे पंचवीस-तीस तरी असतील. त्यातल्या काही जणांना आजही वाटत असेल की आपले फोटो गेले. प्रत्येकाला लिहा, कुठल्या फोल्डरमध्ये पाहायचं ते.